लोकेटर तीन लाइन दाखवतो, नकाशात पाच आहेत. काळ्या मातीत चर काढण्याआधी नक्की काय तपासायचं?

चर_आणि_मुरूम

नमस्कार मंडळी. पुण्यात मांजरीच्या बाजूला एका सोसायटीसाठी ११० मिमी एचडीपीई (प्लास्टिक) पाण्याची लाइन टाकायची आहे. महापालिकेच्या टॅपिंगपासून सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीपर्यंत १४० मीटर. चर ६०० मिमी रुंद आणि १.२ मीटर खोल. रस्ता ९ मीटरचा, एका बाजूला पेव्हर ब्लॉकचा १.८ मीटरचा फूटपाथ, चर त्याच फूटपाथमधून जाणार. वर साधारण ८०० मिमी काळी माती, खाली मुरूम. खोदाईची परवानगी हातात आहे आणि पावसाळ्याची बंदी लागायच्या आत रस्ता पूर्ववत करून द्यायचाय.

कागदावर पाच लाइन आहेत: २२ केव्ही केबल, एलटी (कमी दाबाची) केबल, पथदिव्यांची केबल, गॅसची ६३ मिमी एमडीपीई (प्लास्टिक पाइप) आणि ऑप्टिकल फायबरच्या डक्टची एक रांग. भाड्याने आणलेला केबल लोकेटर आहे, जनरेटरसकट (लाइनवर ओळखीचा सिग्नल सोडणारी पेटी). दिवसा पॉवर मोडमध्ये फिरवला तर तीनच रेषा मिळतात. त्यातल्या एका रेषेवर जनरेटर लावून खोली पाहिली तर एकदा ०.४ मीटर आली, चार पावलांवर १.१ मीटर. गॅसच्या नकाशात लाइन ‘रस्त्याच्या कडेपासून १.२ मीटर’ दाखवली आहे. जीपीआर (जमिनीत बघणारं रडार) करून घ्यावं का, असाही प्रश्न आहे. जेसीबीवाला म्हणतो सावकाश काढतो, काही होत नाही.

तीन खऱ्या धरायच्या की पाच? आणि खोलीच्या आकड्याचं काय करायचं?

सिग्नलवाला

तीन म्हणजे नकाशातल्या पाचांपैकीच तीन, असं धरू नका. त्या तिनांतली एखादी नकाशात नसलेलीही असू शकते. तसं असेल तर न सापडलेल्या दोन नाहीत, तीन आहेत.

पॉवर मोड फक्त ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र ऐकतो. केबलमध्ये व्होल्टेज आहे का, हे त्याला कळत नाही. करंट वाहतोय का आणि त्याचं क्षेत्र बाहेर किती पडतंय, एवढंच कळतं. त्यामुळे तुमच्याकडच्या तीन गोष्टी दिवसा सहज निसटतात. पथदिव्यांची केबल दिवसा बंद असते, करंट शून्य, आवाज शून्य. २२ केव्हीच्या तीन कोअर एकमेकींना चिकटून असतात, लोड तिन्ही फेजवर सारखा असेल तर त्यांची क्षेत्रं एकमेकांना मारतात आणि भली जाड केबल मशीनला बारीक ऐकू येते. तिसरी, चार्ज (वीज चालू) असलेली पण पलीकडे लोड नसलेली केबल. ती पूर्ण शांत असते आणि तितकीच जीवघेणी. म्हणून हाच फेरा संध्याकाळी दिवे लागल्यावर एकदा मारा, त्यात पथदिव्यांची लाइन बहुधा उठेल.

उलटंही होतं. न्यूट्रलचा भटका करंट लोखंडी पाण्याच्या पाइपातून परत जात असेल तर पॉवर मोड पाइपावरही छान वाजतो. त्यामुळे ‘वाजला म्हणजे केबल’ हेही खरं नाही. डोक्यावरून तारा जात असतील तर लोकेटर जागेवरच वर उचला. सिग्नल वाढला तर उगम वर आहे, जमिनीत नाही.

फिरवण्याची पद्धत: लोकेटर उभा, लंबकासारखा झुलवायचा नाही. आधी चराच्या दोन्ही बाजूंना २ मीटर बाहेरून पूर्ण परिघ फिरा, म्हणजे आत येणारं-जाणारं सगळं परिघावरच पकडलं जातं. मग आत दर मीटरला आडव्या फेऱ्या, मग उभ्या. पॉवर, नंतर रेडिओ (दूरच्या प्रक्षेपणाचा केबलवर उतरलेला सिग्नल), नंतर जनरेटर. एका मोडमध्ये भागवलं तर अर्धं काम झालं.

आता ०.४ आणि १.१. जनरेटर जमिनीवर नुसता ठेवून इंडक्शनने सिग्नल टाकला असेल तर तो खाली असलेल्या सगळ्या समांतर धातूंमध्ये शिरतो. मशीनला मिळतं ते सगळ्यांचं मिळून एक क्षेत्र, आणि खोलीचा आकडा त्या मिश्रणाचा असतो. दुसरं कारण, जनरेटर फार जवळ. त्याचा हवेतला सिग्नल थेट लोकेटरमध्ये येतो. निदान १५ मीटर दूर राहा. वळण, टी किंवा जॉइंटजवळ तर खोली मोजूच नका, दोन-तीन मीटर सरकून मोजा.

आकडा खरा आहे का हे तपासायला दोन सोप्या चाचण्या आहेत. लोकेटर जमिनीपासून बरोबर ३० सेंटिमीटर उचलून परत खोली घ्या, आकडा ३० नेच वाढला पाहिजे. १२ ने वाढला किंवा ७० ने वाढला तर तो आकडा सोडून द्या. दुसरी, पीक (सिग्नल सगळ्यात जास्त) आणि नल (सगळ्यात कमी) या दोन्ही मोडमध्ये रेषेची जागा काढा. दोन्ही खुणा एकाच ठिकाणी पडल्या तर क्षेत्र स्वच्छ आहे. १५-२० सेंटिमीटरचा फरक पडला तर शेजारी दुसरी लाइन आहे आणि तुमची खूण कोणा एकीवरही नाही.

यातून सुटायचं तर इंडक्शन सोडून क्लॅम्प वापरा. फीडर पिलरमध्ये (रस्त्याकडेची विजेची पेटी) एकेका केबलभोवती क्लॅम्प लावून ३३ किलोहर्ट्झ सोडायचं. क्लॅम्प अर्थ बॉन्डच्या (अर्थिंगच्या जोडणीच्या) खाली, म्हणजे जमिनीच्या बाजूला लागला पाहिजे, नाहीतर सिग्नल जमिनीकडे न जाता वरच फिरतो. आणि केबलचं दुसरं टोक अर्थ नसेल तर सर्किटच पुरं होत नाही. फीडर पिलर महावितरणच्या माणसानेच उघडायचा आणि क्लॅम्पही त्यानेच लावायचा. शेजारच्या लाइनवर सिग्नल उडी मारतोय असं वाटलं तर ३३ वरून ८ किलोहर्ट्झवर या, कमी फ्रिक्वेन्सी कमी उड्या मारते आणि लांब जाते.

आणि हो, लोकेटरची खोली कंडक्टरच्या मध्यापर्यंतची असते. जाड केबलचा वरचा भाग त्याहून ३०-४० मिमी वर असतो, वीट आणि फरशी त्याहून वर.

पिवळा_पाइप

गॅसपुरतं लिहितो. लोकेटर घेऊन ६३ मिमी एमडीपीई शोधत बसू नका. प्लास्टिक आहे, आत गॅस आहे, वाजण्यासारखं काहीच नाही. पाइपासोबत ट्रेसर वायर (शोधण्यासाठीची धातूची तार) टाकली असेल आणि ती सलग असेल तरच सिग्नल मिळतो, आणि एखाद्या कनेक्शनच्या वेळी ती तुटलेली असली तर पुढचं सगळं गप्प.

नकाशातली ‘कडेपासून १.२ मीटर’ ही कड कोणती? लाइन पडली तेव्हा फूटपाथ होता का? रस्ता नंतर रुंद झाला असेल तर तेव्हाची कड आजच्या डांबराच्या आत असू शकते. नकाशावरची तारीख बघा, रस्ता रुंद झाला तो काळ बघा, आणि मगच टेप लावा. शक्यतो कंपाउंड भिंत, जुना खांब, चेंबर अशा न हललेल्या वस्तूपासूनचं माप मागा. खोलीचंही तसंच. मेन लाइन साधारण १ मीटर खाली टाकतात, पण नंतर फूटपाथ उतरवला असेल तर तेवढं कव्हर कमी झालेलं असतं.

मेनपेक्षा जास्त लाइन तुटतात त्या सर्व्हिस. ३२ किंवा २० मिमीची पाइप मेनमधून काटकोनात निघून इमारतीकडे जाते, म्हणजे नेमकी तुमच्या चराला आडवी. खोली मेनपेक्षा कमी. सोपा उपाय: प्रत्येक इमारतीच्या भिंतीवर गॅसचा रायझर (जमिनीतून वर येणारा उभा पाइप) आणि व्हॉल्व्ह कुठे वर येतो ते बघा. रायझरच्या पायापासून मेनच्या अंदाजे रेषेवर लंब टाका, तिथे पेव्हरवर खूण करा. १४० मीटरमध्ये जितके रायझर, तितके आडवे पाइप धरायचे. नवीन गेट झालं असेल आणि रायझर हलवला असेल तर जुना तुकडा कॅप करून जमिनीतच राहतो आणि त्यातही गॅस असतो.

चर काढायच्या दिवशी गॅस कंपनीचा माणूस उभा राहिला पाहिजे, लेखी कळवा. पिवळ्या मार्करवरचा आपत्कालीन नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये टाका, मुकादमाच्याही.

पाइपला नुसता ओरखडा बसला तरी माती ओढू नका. ६३ मिमी एसडीआर ११ (व्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट) पाइपाच्या भिंतीची जाडी ५.८ मिमी. जाडीच्या दहाव्या हिश्श्याहून खोल ओरखडा म्हणजे तेवढा तुकडा कापून बदलायचा. इथे तो हिशेब ०.६ मिमीला येतो, नख अडकेल एवढाच. तो निर्णय कंपनीचा माणूस घेईल.

फुटलाच तर: इंजिन बंद, माणसं वाऱ्याच्या वरच्या बाजूला, फोन लांब जाऊन करायचा. पाइप मुडपून किंवा बोळा घालून बंद करायला जाऊ नये. प्लास्टिकच्या पाइपातून गॅस सुटताना स्थिर वीज साठते आणि हात लावल्यावर ठिणगी पडू शकते. आणि घाबरून चर बुजवायचा नाही. वरची वाट बंद केली की गॅस मातीतून बाजूच्या ड्रेनेजमध्ये आणि तिथून घरात शिरतो.

हायपरबोला

जीपीआरबद्दल. प्लास्टिक दिसतं म्हणून लोक जीपीआरवर भरवसा ठेवतात. दिसतं, पण माती कोणती त्यावर. तुमच्याकडे वर ८०० मिमी काळी माती आहे. चिकणमाती ओली असली की रडारची ऊर्जा वरच्या थरातच जिरते. ४०० मेगाहर्ट्झचा अँटेना कोरड्या मुरमात दीड-दोन मीटर दाखवतो, तोच ओल्या काळ्या मातीत अर्ध्या मीटरवर आंधळा होतो. करायचं तर आत्ता, जमीन कोरडी असताना करा. एखादा वळवाचा पाऊस पडला की पैसे पाण्यात.

त्याहून वाईट चूक खोलीची. रडार वेळ मोजतं, खोली नाही. ऑपरेटर मातीतला वेग गृहीत धरतो, बहुतेकदा ०.१ मीटर प्रति नॅनोसेकंद. ओल्या चिकणमातीत खरा वेग ०.०६ च्या आसपास. परतीचा वेळ २० नॅनोसेकंद आला तर मशीन लिहितं १ मीटर, पाइप असतो ६० सेंटिमीटरवर. म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूला. एखाद्या उघड्या चेंबरजवळ, जिथे पाइपाची खोली टेपने मोजता येते, तिथे आधी वेग जुळवून घ्यायला सांगा. त्याशिवाय आलेला रिपोर्ट सहीनिशी असला तरी घेऊ नका.

फेऱ्या लाइनला आडव्या, दर ५० सेंटिमीटरला. एका फेरीत दिसलेली कमान (पुरलेली वस्तू पडद्यावर तशीच दिसते) म्हणजे दगडही असू शकतो, मुरमात तर भरपूर दिसतात. सलग तीन फेऱ्यांत एका रेषेत, जवळपास एकाच खोलीवर कमान आली तर ती लाइन. ती गॅसची की पाण्याची की रिकामा डक्ट, हे रडार सांगत नाही. ढोबळ नियम असा की खोलीच्या दहाव्या हिश्श्याहून बारीक वस्तू दिसेलच असं नाही. १ मीटरवरची ६३ मिमीची पाइप म्हणजे त्या सीमेहून बारीकच. २० मिमीची सर्व्हिस तर विसराच.

रस्ता ओलांडण्याच्या जागी काँक्रीट असेल आणि त्यात जाळी असेल तर तिथेही फार दिसणार नाही.

सिग्नलवाला

हायपरबोला, मान्य, फक्त एक भर. रिपोर्टमध्ये ‘काही आढळले नाही’ आणि ‘या भागात ६० सेंटिमीटरच्या खाली दिसले नाही’ ही दोन वाक्यं वेगळी लिहून मागावीत. पहिलं वाक्य वाचून जेसीबी सुटतो.

डक्ट_रॉडर

फायबरचं कोणी लिहिलं नाही म्हणून. आजकालच्या पुष्कळ ऑप्टिकल केबलमध्ये धातू नसतो, त्यामुळे लोकेटरला काही नाही. रांगेत एखादा रिकामा ४० मिमीचा डक्ट असेल तर चेंबरमधून ट्रेसेबल रॉड ढकलून त्यावर सिग्नल सोडता येतो, किंवा टोकाला सोंड (सिग्नल सोडणारं छोटं यंत्र) लावून दर दोन मीटरला जागा काढता येते. रॉड कंपनीच्या माणसासमोरच घालायचा, चालू केबलच्या डक्टमध्ये नाही.

खोलीला काही अर्थ नाही. चरातून टाकलेला डक्ट १ ते दीड मीटरवर, मायक्रोट्रेंचिंगचा (अरुंद उथळ चिरेतला) असेल तर फूटभरावर, आणि एचडीडीने (वरून न खणता जमिनीखालून आडवं छिद्र पाडून) ओढला असेल तर दोन चेंबरच्या मधे तो तीन मीटर खालीही जातो आणि तिथून परत वर येतो. चेंबरजवळ वर चढतो ती जागा नेमकी तुमच्या १.२ मीटरला कापते. प्रत्येक चेंबरच्या दोन्ही बाजूंचे पाच-सहा मीटर हाताने.

‘कॉल बिफोर यू डिग’ ॲपवर टाकलंय का? केंद्र सरकारचं आहे, मार्च २०२३ मध्ये सुरू झालं. जागा आणि तारीख भरली की त्या भागातल्या नोंदणीकृत मालमत्ताधारकांना सूचना जाते. टाका जरूर, लेखी पुरावा राहतो. पण नोंद नसलेली लाइन त्यात येत नाही, आणि फोनच्या जीपीएसची चूक मोकळ्या जागीही तीन-पाच मीटर असते. तुमचा फूटपाथच १.८ मीटरचा आहे.

चर_आणि_मुरूम

सगळ्यांचे आभार. ॲपवर नोंद केली आहे, महावितरण आणि गॅस कंपनीला पत्र दिलं. संध्याकाळी साडेसातला पॉवर मोडचा फेरा मारला, चौथी रेषा मिळाली, पथदिव्यांच्या खांबांना धरून. जीपीआर सध्या ठेवतो बाजूला, तेवढ्यात ट्रायल पिट (लाइन बघण्यासाठी हाताने खणलेले खड्डे) घेतो. पिट किती, कुठे, किती मोठे? आणि मुरूम लागल्यावर हाताने कसं काढायचं? मजूर पहार मागतात.

घमेलं_फावडं

पिट लाइनच्या दिशेने नाही, आडवा घ्यायचा. कंपाउंड भिंतीपासून कर्बपर्यंत फूटपाथची पूर्ण रुंदी, म्हणजे १.८ मीटर लांब, ६०० मिमी रुंद. खोली तुमच्या चराच्या तळापेक्षा ३०० मिमी जास्त, म्हणजे १.५ मीटर. अर्ध्या रुंदीचा पिट घेतला तर उरलेल्या अर्ध्यात काय आहे ते चर काढतानाच कळणार. सरळ भागात दर २० ते २५ मीटरला एक, शिवाय प्रत्येक आडव्या रायझरच्या खुणेवर, प्रत्येक चेंबरच्या अलीकडे-पलीकडे आणि टॅपिंगपाशी. १४० मीटरला दहा-बारा होतील. ओली काळी माती १.२ मीटरवरही ढासळते, फळ्या लावल्याशिवाय माणूस आत उतरवू नका.

पेव्हर आणि त्याखालची खडी काढायला टिकाव चालेल. तिथून पुढे टिकाव, पहार, ब्रेकर बंद. चौकोनी पात्याचं फावडं, लाकडी किंवा फायबरचा दांडा, आणि पाय देऊन खुपसायचं नाही. थर खरवडत आडवं काढायचं. वस्तू वरून शोधायची नाही, बाजूने शोधायची: खुणेपासून ५०० मिमी दूर खाली उतरायचं आणि मग आडवं तिच्याकडे जायचं. खालून-बाजूने आलात तर फावड्याचं पातं केबलला घासतं, वरून आलात तर रुततं.

पहार हे सगळ्यात वाईट अवजार. सगळं वजन १५-२० मिमीच्या टोकावर येतं, आर्मर (केबलचं धातूचं कवच) भेदून जाते, आणि धरणाऱ्याच्या हातात अखंड लोखंड.

मुरमासाठी आदल्या संध्याकाळी पिटमध्ये १५-२० घमेली पाणी सोडून ठेवा, सकाळी बराच सुटतो. जीपीआर करायचं असेल तर पाणी त्यानंतर. पण त्याआधी पिटच्या भिंतीकडे नीट बघा, ती बरंच सांगते. मूळ मुरूम थराथराचा, घट्ट, एका रंगाचा असतो. पूर्वी कोणी खणून भरलेली जागा म्हणजे काळ्या मातीत मुरमाचे खडे आणि मुरमात काळ्या मातीचे गोळे, मधेच विटेचा तुकडा, प्लास्टिकची पिशवी. पिटच्या बाजूला फावड्याने हात फिरवल्यासारखं साफ केलं की जुन्या चराची कड उभ्या रेषेसारखी दिसते. त्या दोन रेषांच्या मधे काहीतरी आहे, तळापर्यंत हातानेच. मूळ मुरूम अखंड लागला तर तिथे कोणी चर काढलेला नाही. एचडीडीने खालून गेलेलं मात्र तो थर अखंड ठेवून गेलेलं असतं, तेवढं लक्षात ठेवा.

वाळू किंवा क्रश सँड लागली की थांबा. काळ्या मातीच्या भागात वाळू आपोआप येत नाही, कोणीतरी केबलसाठी अंथरलेली असते. तिच्या वर वीट किंवा फरशी असायला हवी, आणि त्याहून वर इशाऱ्याची पट्टी. पण पट्टी नाही म्हणून लाइन नाही असं धरू नका, पट्टी सगळ्यात आधी गायब होते. पट्टी आहे म्हणून तिच्या बरोबर खालीच लाइन आहे असंही नाही, भराव टाकताना ती फूटभर सरकते.

केबलच्या नियमांमधली खोली (आयएस १२५५ प्रमाणे एलटीला ०.७५ मीटर, ११ केव्हीपर्यंत ०.९०, २२ आणि ३३ केव्हीला १.०५) ही टाकतानाची आहे. आजची खोली पिट सांगेल.

सापडलेली प्रत्येक वस्तू: प्रकार, बाहेरचा व्यास, वरच्या कडेची खोली, कंपाउंड भिंतीपासून अंतर आणि कर्बपासून अंतर. दोन्ही बाजूंनी माप, कारण पेंट पुसतो आणि खुंटी कोणीतरी उपटतो. टेप लावलेला फोटो.

जेसीबी फक्त दोन पिटच्या मधे, जिथे दोन्ही पिटमध्ये एकच चित्र आहे तिथे. खुणेच्या दोन्ही बाजूंना ५०० मिमी हाताने. दात नसलेली बकेट, एका वेळी १०० मिमीचा थर, समोर एक माणूस फक्त बघायला. त्याच्या हातात दुसरं काम द्यायचं नाही.

सिग्नलवाला

जेसीबी ऑपरेटरला हेही सांगून ठेवा. बकेट केबलला लागलं तर केबिनमधून उतरायचं नाही, बाकीच्यांनी मशीनला हात लावायचा नाही. आग लागली आणि उतरावंच लागलं तर दोन्ही पाय जुळवून उडी, मशीनला न शिवता, आणि मग पाय घासत लहान लहान पावलं. एरिया अंधारात गेला म्हणून केबल मेली असं समजू नका, सबस्टेशनमधून ती परत चार्ज करून बघितली जाते.

चर_आणि_मुरूम

पहिले तीन पिट झाले. ० मीटरला २२ केव्ही १.१ मीटरवर, वाळू-फरशी सगळं व्यवस्थित. २२ मीटरला गॅस मिळाली. आजच्या कर्बपासून मोजली तर भिंतीच्या बाजूला १.२ मीटर येत नाही, ०.४५ येते. पिवळा_पाइप म्हणाले तसंच, कड सरकली आहे.

४५ मीटरच्या पिटमध्ये मात्र ६५० मिमीवर एक काळी केबल आली आहे, साधारण ४० मिमी जाड, बाहेरचं आवरण एका जागी फाटलेलं आणि खाली आर्मर गंजलेला. वाळू नाही, वीट नाही. नकाशात नाही. पॉवर मोडमध्ये शांत, जनरेटरला वाजते. टेस्टर पेन जवळ नेला, लागला नाही. क्लॅम्प मीटर शून्य. मुकादम म्हणतो मेलेली आहे, कापून बाजूला करू, बरोबर आमच्या मध्यरेषेवर आहे.

सिग्नलवाला

अजिबात कापू नका. तुम्ही केलेल्या तिन्ही चाचण्या चार्ज केबललाही असाच निकाल देतात. पॉवर मोड लोड नसेल तर शांत. टेस्टर पेन विद्युतक्षेत्र ओळखतो आणि अर्थ केलेला आर्मर ते आतच अडवतो, ११ केव्ही असली तरी पेन पेटणार नाही. क्लॅम्प मीटर अख्ख्या तीन-कोअर केबलभोवती लावला तर तिन्ही फेजची बेरीज मोजतो आणि ती शून्यच येते. उघड्या आर्मरला हातही लावू नका.

मेलेली आहे हे फक्त मालक सांगू शकतो. महावितरणला परत पत्र, पिटचा फोटो आणि मापं जोडून. ते तिच्यावर सिग्नल सोडून दोन्ही टोकं शोधतील, टोकं सुटी करून अर्थ करतील आणि तुमच्या पिटमध्येच केबलला दुरून स्पाइक करतील (धातूचा खिळा आरपार मारून मेल्याची खात्री). स्पाइक झाल्याशिवाय करवत लागत नाही. तिला मालकच मिळाला नाही तर ती चार्ज आहे असंच धरून काम करायचं.

घमेलं_फावडं

आणि कापायची गरजही नाही. चर ४०० मिमी भिंतीकडे सरकवा. तिकडे गॅस नाही ना, ते आधी ४५ च्या पिटमध्येच बघा, २२ ला मिळालेली तिचीच रेषा आहे. वीज आणि पाण्याच्या लाइनमध्ये ३०० मिमी मोकळं सुटलं पाहिजे, गॅसपासूनही तेवढंच.

११० मिमी एचडीपीईला वळायला बाहेरच्या व्यासाच्या २५ ते ३० पट त्रिज्या द्या, म्हणजे साधारण पावणेतीन ते सव्वातीन मीटर. ४०० मिमीचं सरकणं तीन मीटर लांबीत बिनएल्बोचं बसतं. बट फ्यूजनचा (पाइपाची टोकं तापवून जोडलेला) जॉइंट मात्र त्या वळणात येऊ देऊ नका, एक-दीड मीटर अलीकडे घ्या.

केबल उघडी राहणार तोवर खाली लाकडी बल्ली आडवी टाकून नायलॉनच्या दोरीने दर मीटरला आधार द्या. तार वापरू नका, आवरण आधीच फाटलंय. वर गोणपाट आणि बॅरिकेड, आणि त्या पिटवर रात्री माणूस.